मामाच्या ओळखीने घेतलेल्या मुलाखती

टेबलावर प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं. समोरासमोर मॅडम आणि त्यांचा विद्यार्थी. विषय ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचं आरोग्य. विद्यार्थी बीड जिल्ह्यातला, आईवडिलांनी वीसेक हंगाम फडावर काढलेले. मॅडम समाजशास्त्राच्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी शेजारच्या विभागात शिकवतो आणि या विद्यार्थ्याच्या सल्लागार समितीवर आहे, म्हणून मलाही बोलावलं होतं. सहामाही प्रगती अहवालावर सही करून निघायचं, एवढ्याच तयारीने गेलो होतो. अडीच तास बसलो.

संशोधन करणाऱ्या मुलांविषयी आपण बोलतो ते बहुतेक पीएच.डी. प्रवेशाची पेट परीक्षा, फेलोशिप आणि सबमिशनच्या तारखांविषयी. ते बोलायलाच हवं. पण दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहिण्याचा अधिकार तुला कुणी दिला, असं मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला तोंडावर विचारलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. म्हणून दोघांची परवानगी घेऊन ते बोलणं इथे देतो आहे.

मॅडम: साठ मुलाखती. सगळ्या बायकांनी होकार दिला?

विद्यार्थी: हो मॅडम. आपलीच माणसं आहेत. कितीतरी जणी माझ्या मायबरोबर एकाच टोळीत होत्या.

मॅडम: एकीनेही दार लावून घेतलं नाही? ‘आज नाही, परत ये’ असंही कुणी म्हटलं नाही?

विद्यार्थी: नाही.

मॅडम: मला तिथेच शंका येते. साठातल्या साठ जणी हो म्हणतात तेव्हा त्या तुला हो म्हणत नसतात. कुणाच्या ओळखीने गेला होतास?

विद्यार्थी: मामाच्या.

मॅडम: मामा काय करतात?

विद्यार्थी: टोळी आहे त्यांची. मुकादम आहेत.

पुढचं बोलणं या एका शब्दाभोवती फिरलं, म्हणून ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साखर कारखान्याला तोडणीसाठी माणसं लागतात, ती मुकादम पुरवतो. हंगाम सुरू होण्याआधी तो नवराबायकोच्या जोडीला उचल देतो. ही जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हिशेबात बाई वेगळी धरली जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तात्पुरत्या झोपडीत (कोपीत) राहतात आणि तोडलेल्या टनांवर उचल फेडतात. एक दिवस कामावर आलं नाही तर तो खाडा, त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर जाते. म्हणजे मुकादम हा एकाच वेळी काम देणारा, कर्ज देणारा आणि अडीअडचणीला धावून येणारा माणूस असतो. त्याच्या भाच्याला नाही म्हणायचं तर बाईला पुढच्या दसऱ्याचा विचार करावा लागतो.

विद्यार्थी: मॅडम, मामाशिवाय मला त्या कोप्यांपर्यंत कुणी पोचू दिलं नसतं. मुंबईहून आलेले संशोधक येतात, दोन दिवस राहतात, कारखान्याच्या गेटवर फोटो काढतात. मी दोन हंगाम तिथे राहिलो. पहाटे चारला उठून मोळ्या बांधल्या, गाडी भरली. हे फिल्डवर्क नाही का?

मॅडम: आहे. उत्तम आहे. पण तू मोळी बांधत होतास तेव्हा त्या बायका कुणाकडे बघत होत्या, तुझ्याकडे की मुकादमाच्या भाच्याकडे? बहात्तराव्या पानावर तू लिहिलं आहेस की अनेकींनी पिशवी काढण्याच्या ऑपरेशनसाठी मुकादमाकडून पैसे घेतले. त्या अनेकींमध्ये तुझ्या मामांकडून घेतलेल्या किती?

विद्यार्थी: वीस-एकवीस असतील.

मॅडम: आणि ही माहिती तू त्यांना विचारलीस, मामांच्या ओळखीने जाऊन, मामांच्या कोपीत मुक्काम करून.

विद्यार्थी: मामा समोर बसले नव्हते.

मॅडम: बसायची गरज नव्हती.

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच खाली ठेवला. मग जे म्हणाला ते ऐकून मला तो आवडला. तो चिडून बोलला, पण चुकीचं बोलला नाही.

विद्यार्थी: तुमच्या पद्धतीने मी आधी गेलोच होतो. पहिल्या वर्षी, प्रश्नावली घेऊन. तुम्हीच तपासून दिलेली. त्यात एक प्रश्न होता: गर्भाशय काढण्याचा निर्णय कोणी घेतला? चौकटी होत्या: स्वतः, पती, डॉक्टर, इतर. एक बाई मला म्हणाली, “कोनी घेतला म्हंजी? दुखत व्हतं.” कुठल्या चौकटीत खूण करू? दुसरी म्हणाली, डॉक्टर म्हणाला कॅन्सर होईल. तिसरी म्हणाली, पाळीत फडावर उभं राहवत नाही, खाडा पडतो. पुढे तर एकाच बाईने तीन दिवसांत तीन कारणं सांगितली आणि तिन्ही खरी होती. ही तिन्ही कारणं मी कोपीत राहिलो म्हणून ऐकली. चौकटींनी मला काही दिलं नाही.

मॅडम: ती प्रश्नावली वाईट होती. ती चूक माझी आहे, मी मान्य करते. पण चौकट मोडली म्हणजे हिशेब संपला असं नाही. तू आकडाही तितक्याच सैलपणे वापरला आहेस. सरकारी समितीने २०१९मध्ये बीडमधल्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, त्यांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. ते तू दिलंस. लगेच पुढच्या वाक्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा देशाचा आकडा, तीन टक्क्यांच्या आसपास, आणि मग ‘पाचपट’. राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया असतात. समितीच्या पाहणीतले वयोगट तू तपासलेस?

विद्यार्थी: नाही. पण फरक मोठाच आहे ना.

मॅडम: मोठाच असेल. मग तो नीट दाखव. विरोधी बाजूचा वकील तुझं हे एक वाक्य पकडेल आणि त्या तेरा हजार बायकांचं म्हणणं तुझ्या ‘पाचपट’सकट फेकून देईल. तुझ्या मनात त्यांच्याविषयी जी माया आहे ती मला दिसते. मायेने लिहिलेलं कच्चं विधान त्यांच्या अंगावर उलटतं.

इथे मी पूर्णपणे मॅडमच्या बाजूने होतो. आपल्या माणसांवर लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदा समजतो की तपशिलाची शिस्त ही परक्यांसाठी असते. खरं तर ती आपल्यांसाठी दुप्पट लागते.

विद्यार्थी: म्हणजे शेवटी तुम्हाला तुमचं म्हणणं माझ्या प्रबंधात हवं आहे.

मॅडम: अजिबात नाही. इरावतीबाई कर्वे बर्लिनला पीएच.डी. करायला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्राचे मोठे अधिकारी. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, या असमानतेचा वंशाशी संबंध असणार असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. पंचविशीतली, परक्या देशातली विद्यार्थिनी, आणि पदवी त्याच माणसाच्या हातात. तुझं माझ्याशी पटू नये याला माझी काहीच हरकत नाही. पण कवट्या मोजलेल्या हव्यात.

विद्यार्थी: त्या कवट्या कुणाच्या होत्या मॅडम?

मॅडम: वेगवेगळ्या ठिकाणच्या.

विद्यार्थी: जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या त्यात. मी वाचलंय. त्यांची परवानगी कुणी घेतली होती?

मॅडम: कुणीच नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणी विचारलं नाही. म्हणूनच आज तुला विचारते आहे.

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मॅडमनी पान उलटलं.

मॅडम: नावं बदलली आहेस, ते ठीक. पण इथे बघ. ‘धारूर तालुका, तीन मुली, नवऱ्याचा पाय ट्रॅक्टरखाली गेलेला.’ हिला ओळखायला गावात कुणाला नाव लागेल? तुझा प्रबंध शोधगंगेवर जाणार. कुणीही उघडून वाचेल. तुझे मामा वाचणार नाहीत, पण मामांच्या मुलाला इंग्रजी येतं की नाही?

विद्यार्थी: येतं.

मॅडम: अजून एक विचारते. रागावू नकोस. तुझ्या आईची मुलाखत आहे का या साठांत?

विद्यार्थी: नाही.

मॅडम: का नाही घेतलीस?

विद्यार्थी: ती सांगणार नाही. मला तर नाहीच सांगणार. तिचंही ऑपरेशन झालंय, मी दहावीत असताना. मला एवढंच सांगितलं होतं की पोटात गाठ होती.

मॅडम: आईने पोटच्या पोराला सांगितलं नाही, ते बाकीच्या बायकांनी तुला सांगितलं असं तू म्हणतोस.

मला वाटलं तो उठून जाईल. तो गेला नाही. टेबलावरचं प्रकरण स्वतःकडे ओढून त्याने पेन्सिलीने दोन-तीन ठिकाणी समासात रेघा मारल्या. तरुण पुरुष बाईला तिच्या पाळीविषयी विचारतो तेव्हा त्याला मिळतं ते उत्तर पुरुषाला देण्याजोगं असतं, ही गोष्ट पद्धतीच्या पुस्तकांत असतेच. त्याने कोर्सवर्कच्या पेपरात ती लिहिलीही असेल. आईचा विषय निघाला तेव्हा ती त्याला पहिल्यांदा कळली.

पण ती संध्याकाळ एकतर्फी नव्हती. आता प्रश्न विचारायची पाळी त्याची होती.

विद्यार्थी: मॅडम, मान्य. मी ज्या दाराने आत गेलो ते दार चुकलं. पण तुम्ही आता मला उत्तर द्या. तुमच्या हाताखाली चौदा जणांनी पीएच.डी. केली. धनगरांवर, पारध्यांवर, धरणग्रस्तांवर. त्यातला एक तरी प्रबंध ज्यांच्यावर आहे त्यांच्यापैकी कुणी वाचला?

मॅडम: दोन मराठीत होते.

विद्यार्थी: ते तरी कुणाच्या घरी पोचले?

मॅडम: नाही पोचले.

विद्यार्थी: मग संशोधकानेही उचलच घेतली की. बाईचा दिवस घेतला, तिचं दुखणं घेतलं, आणि फेडलं काहीच नाही. २०१९पासून तिथे समिती आली, पत्रकार आले, संस्था आल्या, मग आम्ही पीएच.डी.वाले. एक म्हातारी मला म्हणाली, “लिहून नेता अन् येत नाहीत.” तुम्ही मला परवानगीचं विचारता. परत जाण्याचं कुणी विचारत नाही. नियमावलीत सही घ्यायचा फॉर्म आहे, काय सापडलं ते सांगायला परत जायचा रकाना कुठे आहे?

मॅडम: उचलीशी बरोबरी करू नकोस. त्या बायकांनी उचल फेडली नाही तर त्यांच्या दारात मुकादमाची गाडी उभी राहते. तुझ्या दारात कुणी येणार नाही.

विद्यार्थी: म्हणूनच तर आपण फेडत नाही.

मॅडम या वाक्यावर हसल्या नाहीत, की त्यांनी ते खोडलंही नाही. त्यांनी वेगळीच गोष्ट काढली.

मॅडम: मी आतला माणूस आहे, म्हणून माझं लिहिणं वेगळं, असं तू प्रस्तावनेत तीनदा म्हणतोस. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर जातींवर निबंध वाचतात. त्या खोलीत त्यांच्याइतका आतला माणूस दुसरा कोण असणार? पण स्वतःवर काय गुजरलं हे त्यात ते सांगत बसत नाहीत. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर, एकेकाची व्याख्या उचलतात, तपासतात, कुठे अपुरी पडते ते दाखवतात. आणि मग आपलं म्हणणं मांडतात की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि ते टिकवायला बाईवर बंधनं घालावी लागतात. हा विद्यार्थ्याचा निबंध आहे रे. शंभर वर्षं होऊन गेली, अजून त्यावाचून जातीवर बोलता येत नाही. आतल्या माणसाने बाहेरच्याची हत्यारं अशी वापरायची असतात.

विद्यार्थी: आणि त्यानंतर चार वर्षांनी काय केलं त्यांनी? ३१ जानेवारी १९२०ला मूकनायक काढलं. मराठीत. लंडनचा अभ्यास अर्धा राहिलेला होता, डी.एस्सी. मिळायची होती, ती १९२३ला मिळाली. अभ्यास पूर्ण होईपर्यंत थांबले नाहीत. ज्यांच्याविषयी कोलंबियात बोलले त्यांच्याशी त्यांच्या भाषेत आधी बोलले. तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगताय मॅडम.

मॅडम: खरं आहे.

विद्यार्थी: केतकरांचंही तेच. जातीवरचं त्यांचं पुस्तक कॉर्नेलला विद्यार्थी असतानाचं, १९०९चं, इंग्रजीत. परत येऊन त्यांनी काय केलं? ज्ञानकोश. तेवीस खंड. मराठीत.

इथे मॅडम ज्या मोकळेपणाने ‘खरं आहे’ म्हणाल्या, तेवढा मोकळेपणा मार्गदर्शकांमध्ये असला तर निम्मे वाद सुटतील. आणि इथे माझं मत त्या विद्यार्थ्याच्या बाजूने आहे, जपून नाही तर ठामपणे. मराठी माणसांशी मराठीत बोलून मिळवलेलं ज्ञान इंग्रजी प्रबंधात जाऊन तिथेच थांबणं, हे आपण इतकं नेहमीचं करून टाकलं आहे की कुणाला त्यात काही खटकत नाही. ‘पिशवी’, ‘खाडा’, ‘उचल’, ‘अर्धा कोयता’ या शब्दांत त्या बायकांनी स्वतः केलेलं विश्लेषण आहे. त्यांचं इंग्रजी करताना ते तळटीपेत जातं आणि मुख्य मजकुरात कुठल्यातरी परक्या विद्यापीठातली संज्ञा बसते. मी हे समितीवर बसून अनेकदा पाहिलं आणि गप्प राहून सह्या केल्या. या लेखात ते कबूल करतो.

वेळेचाही प्रश्न निघाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. मुदतवाढ मिळाली तर आणखी दोन. ऊसतोडीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. या विद्यार्थ्याचा एक हंगाम कोर्सवर्कमध्ये गेला, एक टायटल मंजूर होण्याची वाट पाहण्यात, आणि फेलोशिपचे पैसे अडकले त्या वर्षी त्याने एका खासगी कोचिंग क्लासमध्ये शिकवलं. “माझ्याकडे फडावर जायला दोनच हंगाम उरले होते,” तो म्हणाला, “आणि दोन्ही मी मामाच्या कोपीत काढले, कारण दुसरीकडे राहायला पैसे नव्हते.” मॅडमना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मार्गदर्शक असून माहीत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच दोनदा म्हटलं.

मॅडम: आता काय करायचं ते तू सांग. मी सांगणार नाही.

विद्यार्थी: मामाच्या टोळीतल्या सगळ्या मुलाखती काढतो. एकवीस आहेत. त्यांच्यातल्या कुणाचंही काही वापरत नाही, नाव बदलूनही नाही.

मॅडम: प्रबंध बारीक होईल. बाहेरचा परीक्षक विचारेल.

विद्यार्थी: पद्धतीच्या प्रकरणात लिहितो. का काढल्या ते सगळं लिहितो. मामा मुकादम आहेत हेही.

मॅडम: घरी अडचण होईल.

विद्यार्थी: होईल.

मॅडम: उरल्या एकोणचाळीस. त्यांच्याकडे परत जावं लागेल. एकटा नाही, आपल्या विभागातल्या एखाद्या मुलीला बरोबर घेऊन. तिने विचारायचं, तू कोपीबाहेर बसायचं. आणि या वेळी आधीच सांगायचं की नाही म्हटलंत तरी चालेल, पुढच्या हंगामावर त्याचा काही परिणाम होणार नाही. तुला तसं वचन देता येतं का, याचा आधी विचार कर.

विद्यार्थी: दुसऱ्या मुकादमांचं मी कसं सांगू?

मॅडम: मग तेही त्यांना खरं सांग.

विद्यार्थी: आणि मराठीचं?

मॅडम: प्रबंध मराठीत लिहायला विद्यापीठाची आडकाठी नाही. आडकाठी माझी होती. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्रास होईल म्हणून मीच तुला इंग्रजीत लिहायला लावलं. आता अर्धा झालेला इंग्रजीतच पूर्ण कर. पण शेवटचं प्रकरण, तुला काय सापडलं ते, चाळीस पानांत मराठीत लिही. तपासायला मला दे. छापायचा खर्च माझा. व्हायव्हाच्या आधी ते गावात वाचून दाखवायचं, व्हायव्हानंतर नाही. एखादी बाई म्हणाली की हे असं नव्हतं, तर तेही प्रबंधात जाईल.

विद्यार्थी: असं कुठल्या नियमात बसतं?

मॅडम: कुठला नियम त्याला नाही म्हणतो ते दाखव.

मी प्रगती अहवालावर सही केली. ‘समाधानकारक’ या छापील शब्दापुढे दोन ओळींची जागा असते, ती मी आजवर कधी भरली नव्हती. त्या दिवशी लिहिलं: एकवीस मुलाखती विद्यार्थ्याने स्वतःहून मागे घेतल्या, कारण योग्य आहे, मुदतवाढीची शिफारस करतो.

हे वाचणाऱ्यांत कुणी मार्गदर्शक असतील, कुणी समितीवर असतील, तर त्यांना एवढंच विचारतो: पुढचा अहवाल सहीला येईल तेव्हा त्या मुलाला विचारा की तू आत कुणाच्या ओळखीने गेलास, आणि परत कधी जाणार आहेस. त्याचं उत्तर त्या दोन ओळींत लिहा.

कारखान्यांचा पट्टा मार्चअखेर पडेल. टोळ्या गावी परतल्या की पहिल्या आठवड्यात तो आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी एसटीने निघणार आहेत. राहण्याची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने तिच्या घरी केली आहे.